एक पाटा कमी

मामांना फोनवर पहिल्यांदा सांगितलं की गाडीचे पाटे, म्हणजे वजन पेलणाऱ्या कमानीसारख्या पोलादी पट्ट्या, काढतोय, तेव्हा पलीकडं जरा वेळ शांतताच. मग म्हणाले, "कुठली गाडी?" म्हटलं, रिमोटची. "रिमोटच्या गाडीला पाटे असत्यात?" असतात म्हटलं, चार कोपऱ्याला चार, सेंटर बोल्ट, यू बोल्ट, शॅकल, बुश सगळं सेम टू सेम, फक्त तुमच्या करंगळीएवढं. "आणि तू ते काढतुयास." हो. "आरं, आमची हयात गेली पाटं वाढवण्यात."

हे अक्षरशः खरं आहे. कराडच्या बाहेर हायवेला मामांचं गॅरेज, आणि ऊस सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या आसपास, तिथं ट्रकांची लाईन लागायची ती कमानपाट्यासाठीच. कंपनीतून आलेल्या गाडीला दोन-तीन जादा पाटे घालायचे, बसलेली कमान परत चढवून घ्यायची, हेल्पर म्हणजे मदतीचे जादा पाटे घालायचे, कारण कागदावर जेवढे टन लिहिलेत तेवढे टन भरून कोणीच कारखान्याला जात नव्हतं. सुट्टीत मी तिथं असायचो, माझं काम म्हणजे काढलेले पाटे लांबीप्रमाणे लावून ठेवायचे आणि जळक्या ऑइलचा डबा धरायचा. तुटलेला मेन पाटा फेकायचा नसतो, तो लोहाराकडे जातो, त्याचा कोयता होतो, आणि तो कोयता परत त्याच उसात जातो, हे मला तेव्हा फार भारी वाटायचं, अजूनही वाटतं.

तर अशा घरातला मी, चाळिशीला आलेला, पुण्यात आयटीत, रात्री अकरा वाजता डायनिंग टेबलवर जुना टॉवेल पसरून दीड मिलिमीटरच्या ॲलन कीनं पाटे काढत बसतो. बायको म्हणते, भाजी निवडल्यासारखा बसतोस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉक क्रॉलर म्हणजे दगडांवरून चढणारी रिमोटची गाडी, आणि स्केल क्रॉलर म्हणजे ती नुसती चढून चालत नाही, खऱ्या गाडीसारखी दिसलीही पाहिजे. माझी एकास दहा मापाची आहे. स्पीड माणसाच्या चालीपेक्षा कमी, किंबहुना जितकी हळू तितकी भारी. चारही चाकं ओढतात, डिफरन्शियल लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं, एका बॅटरीत तासभर आरामात जातो. मोठ्या गाड्यांचा हा खेळ अमेरिकेतला, कॅलिफोर्नियातली रुबिकॉन ट्रेल, युटातलं मोअॅब, तिथल्या खडकांवर जीप नेणारी लोकं. आपली लहान गाडी पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत जाते. तिथला बेसॉल्ट कोरडा असला तर चांगला धरतो, पण वर बारीक खडी आणि धूळ असली की टायर नुसता गरगर फिरतो, आणि पावसाळ्यात शेवाळावर तर विषयच संपला.

आता खरी गोम अशी की क्रॉलिंगला पाटे हा शहाण्या माणसाचा चॉइस नाहीच. आजच्या बहुतेक क्रॉलरला लिंक आणि कॉइल असतात, म्हणजे ॲक्सल (दोन चाकांमधला आस) चार दांड्यांनी धरलेला आणि वजन शॉक ॲब्सॉर्बरवरच्या गोल स्प्रिंगवर. ज्याचं काम त्यानं करायचं. स्प्रिंग मऊ पाहिजे तर स्प्रिंग बदला, दांड्यांना काही घेणंदेणं नाही. पाट्याला मात्र सगळंच एकट्यानं करावं लागतं. वजन त्यानंच पेलायचं, ॲक्सल जागेवर त्यानंच धरायचा, पुढेमागे सरकू द्यायचा नाही, आडवा जाऊ द्यायचा नाही, आणि मोटर जोर लावते तेव्हा ॲक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो त्यालाही त्यानंच अडवायचं. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखं. एका कामासाठी मऊ केलात की दुसरी तीन कामं ढिली पडतात.

मग घ्यायचे कशाला? दिसण्यासाठी. बस, दुसरं कारण नाही, आणि मला त्याची अजिबात लाज नाही. तामिया या रिमोटच्या गाड्या करणाऱ्या जपानी कंपनीनं १९८१ साली टोयोटाचा हायलक्स पिकअप काढला, लोखंडी शिडीसारखी चॅसी, तीन गिअर आणि चारही कोपऱ्यांना पाटे, मग १९८५ साली ब्रुझर काढला, तोही तसाच, आणि तो लोकांच्या इतका डोक्यात बसला की २०१२ साली त्यांना तो परत काढावा लागला. खऱ्या जुन्या हायलक्सला पुढं-मागं पाटे, जुन्या विलीज जीपला पाटे, आपल्या जिप्सीला तर शेवटपर्यंत चारही बाजूला पाटेच होते, ज्यांनी मागच्या सीटवर बसून घाट केलाय त्यांच्या कंबरेला विचारा. अशी बॉडी वर बसवायची आणि खाली डोकावलं की कॉइल दिसणार, हे म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट शूज. असतील सोयीचे, पण नको.

गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही कारण त्यात कंपनीचा काही दोष नाही, पाट्याच्या बऱ्याचशा लहान गाड्या डब्यातून निघतात तेव्हा अशाच असतात. लाकडाच्या फळीसारख्या. जोडून झाल्यावर मी टेबलवर ठेवली, वरून हातानं दाबली, आणि गाडी खाली बसायच्या ऐवजी टेबलच कुरकुरलं. पुढच्या चाकाखाली मराठी-इंग्लिश डिक्शनरी सरकवली तर चाक वर जायच्या ऐवजी अख्खी गाडी तिरकी झाली, आणि मागचं पलीकडचं चाक हवेत. म्हणजे दगडावर तीन पायांचं स्टूल. आणि खाणीत नेल्यावर तेच. दगड आला की गाडी उडी मारते, थरथरते, खेळणं दिसते. एवढा खर्च करून खेळणं.

मला पहिल्यांदा वाटलं की पाट्याचा माल खराब आहे. मग एका रात्री कागदावर मांडलं आणि जे निघालं ते बघून गारच झालो, इंजिनिअरिंगला चार वर्षं काढून हे आधी सुचलं नाही याचं जास्त वाईट वाटलं. लांबी, रुंदी, उंची सगळं दहा पटीनं कमी केलं की वजन दहा पटीनं नाही, हजार पटीनं कमी होतं. १६३८ सालीच गॅलिलिओनं लिहून ठेवलंय की मोठ्या प्राण्याची हाडं लहान प्राण्याच्या हाडांची नुसती मोठी कॉपी असून चालत नाही, त्याचीच ही उलटी बाजू. दीड टनाची गाडी म्हणजे हिशेबानं दीड किलो. पण पाट्याचा कडकपणा हजार पटीनं कमी होत नाही! कडकपणा रुंदीच्या पटीत वाढतो, जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो आणि लांबीच्या घनाच्या पटीत कमी होतो, म्हणजे सगळंच दहा पट लहान केलं की जाडीचा घन आणि लांबीचा घन एकमेकांना खाऊन टाकतात आणि हातात उरतो फक्त एक दहावा भाग. खऱ्या गाडीत पाटा वजनानं १० सेंटिमीटर दबत असेल तर माझ्या गाडीत तो १० मिलिमीटर दबायला हवा, दबतो १ मिलिमीटर. हुबेहूब कॉपी केलेला, त्याच पोलादाचा, अगदी प्रामाणिकपणे लहान केलेला पाटा दहा पट कडक निघतो. माझी गाडी मेटलचे ॲक्सल, बॅटरी आणि पितळेची वजनं धरून २.८ किलो भरते, किचनच्या वजनकाट्यावर मोजलीय, म्हणून दहा पट नाही, पाचेक पट म्हणा. तरी पाच पट!

म्हणजे मामांच्या ट्रकची गरज आणि माझ्या गाडीची गरज बरोबर उलट्या दिशेला. त्यांचं वजन पाट्यापेक्षा जास्त, माझा पाटा वजनापेक्षा जास्त.

मग सुरू झालं पाटे काढणं. माझ्या प्रत्येक पॅकमध्ये चार पाटे होते, दोन्ही टोकांना डोळे, म्हणजे वळवलेली भोकं, असलेला मेन पाटा, आणि खाली उतरत्या क्रमानं तीन. आधी मधला एक काढला, फरक जेमतेम. दुसरा काढला, जरा जीव आला. मग हाव सुटली आणि चारही कोपऱ्यांना नुसता मेन पाटा ठेवला. टेबलवर गाडी काय बसली म्हणता, एका चाकाखाली डिक्शनरीवर अजून एक पुस्तक ठेवलं तरी चारही चाकं टेकलेली, मी व्हिडिओ काढून तीन ग्रुपवर टाकला, आणि रविवारी सकाळी साडेसहाला खाणीत.

पहिल्याच चढाला थ्रॉटल दिला आणि खालून कट्ट असा आवाज. गाडी जागेवर, मोटर फिरतेय, मागची चाकं मेलेली. उचलून बघतो तर मागचे दोन्ही पाटे इंग्लिश एस अक्षरासारखे वळलेले, ॲक्सलनं नाक वर केलेलं, आणि मोटरचा जोर ॲक्सलला नेणारा प्रोपेलर शाफ्ट आपल्या कपातून निघून खाली लोंबतोय. वर एका बाजूचं पाटा धरणारं शॅकल पूर्ण उलटं फिरून चॅसीला जाऊन टेकलेलं, ते बोटानं सरळ करायला गेलो तर परत उलटं. म्हणजे वजन पेलायचं काम एका पाट्याला जमत होतं, पण ॲक्सलला फिरू न द्यायचं काम ते आधीचे तीन मिळून करत होते. एक पिशवी, एक गाडी आणि पडलेलं तोंड घेऊन घरी आलो. टेकडीवर फिरायला येणारे एक आजोबा म्हणाले, सेल संपले का? हो म्हटलं.

त्यानंतर दोन महिने जे केलं त्याला सेटअप म्हणायचं. मेन पाटा ठेवला आणि त्याच्याखाली सगळ्यात आखूड पाटा, जो फक्त ॲक्सलच्या आसपास असतो. तो वजन पेलायला फारशी मदत करत नाही, पण पाट्याला मधोमध एस घेऊ देत नाही. मला वाटलं मी काहीतरी शोध लावला. नंतर कळलं की दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपलाही पुढच्या डाव्या पाट्याला असाच एक जादा आखूड तुकडा लावलेला असायचा, ॲक्सलचं पिळणं थांबवायला. ऐंशी वर्षांपूर्वी. असो. मागं मात्र दोन पाट्यांवर गाडी अजून कडकच वाटत होती, मग मेन पाटाच पातळ करायचं ठरवलं, आणि इथं जाडीचा घन आपल्या बाजूनं काम करतो. ०.५ मिलिमीटरच्या जागी ०.४ मिलिमीटरची पट्टी घेतली की कडकपणा जवळपास अर्धा. नुसता एक दशांश मिलिमीटर! व्हर्नियर दोनदा झिरो करून मोजलं. हॅक्सॉ ब्लेड वापरून बघितलं, ते काचेसारखं तुटतं, मेजरिंग टेपची पट्टी फारच लेची, शेवटी फीलर गेजची, म्हणजे बारीक फट मोजायच्या पात्यांमधली, पट्टी कामाला आली. डोळे वळवताना सहा तुटल्या, सातवी जमली.

शॉकमधल्या स्प्रिंगा काढून टाकल्या. पाटे आहेत ना, मग शॉकमध्ये स्प्रिंग कशाला, शॉकनं फक्त झुलणं थांबवायचं. ही गोष्ट इतकी सरळ आहे आणि मी तीन महिने दोन्ही ठेवून पाट्यांना शिव्या देत होतो.

गणपतीत मामा पुण्याला आले. आरती झाल्यावर म्हणाले, दाखव तुझा ट्रक. मी टेबलवर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला (जवळचं बघायला ते चष्मा काढतात), गाडीला हात न लावता खाली वाकून एका बाजूनं बघितलं, आणि म्हणाले, "शॅकल झोपलंय."

शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक चॅसीला धरणारी झुलती कडी. पाटा दबला की सरळ होतो, सरळ झाला की लांब होतो, ती वाढलेली लांबी जायला जागा पाहिजे म्हणून ती कडी. माझी कडी गाडी नुसती उभी असतानाच जवळजवळ आडवी झाली होती. म्हणजे पाटा अजून दबायला तयार, पण कडीला जायला जागाच नाही. मी दोन महिने पाट्याला दोष देत होतो, आणि अडचण कडीत. मामा म्हणाले, "पाटा आखूड झाला तर नवा डोळा वळव न्हाईतर कडीची भोकं सरकव, पण कडी उभी दिसली पाहिजे, जरा मागं रेललेली. घड्याळात सात वाजल्यावर छोटा काटा असतो ना, तशी." मग त्यांनी बोटाच्या नखानं कडीचा स्क्रू हलवून बघितला. हलेना. "एवढा आवळतात व्हय रं?" नायलॉन नट पाव फेरा मागं घेतला आणि कडी स्वतःच्या वजनानं झुलायला लागली. तेच पाटा ॲक्सलला बांधणाऱ्या यू बोल्टचं. मी ॲक्सल हलू नये म्हणून दात-ओठ खाऊन आवळलेला, त्यामुळं पाट्याचा मधला भाग मुका झालेला, आणि जेवढा भाग मुका तेवढा पाटा आखूड, म्हणजे परत कडक. खऱ्या ट्रकला यू बोल्ट आवळायलाच लागतो, नाहीतर सेंटर बोल्ट तुटतो, हे मामाच म्हणाले, पण तुझ्या या खेळण्यात काय तुटणार आहे, जरा श्वास घेऊ दे त्याला.

एका बाबतीत मात्र मामा चुकले. ते म्हणाले, पाट्यांच्या मधे ग्रीस भर. भरलं. एका रविवारात खाणीची सगळी धूळ त्या ग्रीसमध्ये जाऊन बसली आणि पाटे कानस एकमेकीवर घासावी तसे घासायला लागले. टनाच्या वजनापुढं धूळ काय करणार, पण माझ्याकडं एका चाकावर जेमतेम सातशे ग्रॅम आहेत, तेवढ्यात पाट्यांचं घर्षणसुद्धा पाटा अडकवून ठेवतं. आता पेट्रोलनं धुवून ग्रॅफाइटची पूड चोळतो, पेन्सिलीचं शिस कानशीवर घासून. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बरं."

सगळं घर्षण काढूनही टाकत नाही. पाटे एकमेकांवर थोडे घासतात म्हणून गाडी दगडावरून उतरल्यावर उगाच नाचत नाही, एकदा हलते आणि थांबते. हे कॉइलवाल्या गाडीत तेल बदलून बदलून आणावं लागतं. तरी लहान गाडी पटकन हलते आणि पटकन थांबते, त्याला इलाज नाही, कारण दहाव्या मापाची गाडी खरी वाटायला वेळसुद्धा त्याच हिशेबानं ताणावा लागतो, दहाचं वर्गमूळ म्हणजे साधारण ३.१६ पट. मोबाईलवर १२० फ्रेमनं शूट करून ३० नं चालवलं की चौपट हळू होतं, जरा जास्तच, पण तेव्हा पहिल्यांदा माझी गाडी मला गाडी वाटली. दगडावर पुढचं डावं चाक चढतंय, पाट्याची कमान हळूच सरळ होतेय, कडी मागं झुकतेय, आणि केबिन उसाच्या ट्रकसारखी डुलतेय. ती अकरा सेकंदांची क्लिप मी किती वेळा बघितली ते सांगत नाही.

स्टिअरिंगचा त्रास अजून आहे. सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, चॅसीवर आहे, खऱ्या गाडीसारखा दिसावा म्हणून, आणि पाटे इतके मऊ झालेत की चाक दोन दगडांत अडकलं की सर्व्हो चाक वळवायच्या ऐवजी अख्खा ॲक्सलच बाजूला ढकलतो. एका कामासाठी मऊ केलं, दुसरं ढिलं पडलं, वर लिहिलंच आहे. सर्व्हो ॲक्सलवर बसवला की प्रश्न संपतो, माहितीये, पण मग बॉनेटखाली डोकावल्यावर ॲक्सलच्या बोडक्यावर काळा डबा दिसणार. नको.

दुसरा त्रास गाडी कलण्याचा. थ्रॉटल दिला की प्रोपेलर शाफ्ट एका दिशेला पिळतो आणि चॅसी उलट्या दिशेला, त्यामुळं बॉडी उजवीकडे बसते. कडक पाट्यांत हे दिसत नव्हतं. सपाटीवर काही वाटत नाही, पण उजवा उतार असलेल्या दगडावर आडवी नेताना एवढंसं वजन सरकतं आणि गाडी सावकाश, अगदी थाटात, कलंडते. खाणीच्या आग्नेय कोपऱ्यात एक दगड आहे, त्यावर ती आतापर्यंत नऊ वेळा कलंडलीय, बॉडीचा उजवा आरसा तिथंच कुठंतरी पडलाय. शाफ्टचा कोन बदलला, बॅटरी डावीकडं सरकवली, शॉकचं तेल घट्ट केलं, फरक थोडा थोडा.

शेवटी मामांना फोन. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आरं, आमच्याकडं ऊस एका बाजूला जास्त भरलेली गाडी यायची, कायमची एका अंगाला बसलेली. काय करायचो आम्ही?"

बसलेल्या बाजूला एक पाटा वाढवायचे.

काढलेले पाटे मी हाजमोलाच्या बाटलीत ठेवतो. त्यातला दुसऱ्या नंबरचा, मूळचा, ०.५ मिलिमीटरचा शोधला, कडेला गंज धरलाय, पॉलिश पेपरनं घासला, मागच्या उजव्या पॅकमध्ये मेन आणि आखूड पाट्याच्या मधे सरकवला, यू बोल्ट आवळला, पाव फेरा मागं. गाडी उभी असताना आता दीडेक मिलिमीटर डावीकडं कललेली दिसते, जोर लावला की सरळ होते. रविवारी सकाळी त्या दगडावर नेणार होतो, पण रात्रीपासून पाऊस लागलाय.